अक्काला मी 'नको' म्हणालो

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजारातून उठलेल्या माणसाला पुढं बोलावतात आणि प्रभूनं कसं बरं केलं याची साक्ष द्यायला सांगतात. मी अजून उठलेलो नाही. डायलिसिसवर आहे. डॉक्टरांच्या भाषेत 'स्थिर' आहे, म्हणजे तब्येत वाईटच आहे, फक्त ती रोज नव्यानं वाईट होत नाही. तरी लातूरच्या सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, "नवीन पेशंट येतात, घाबरलेले असतात, तुम्ही बोलके आहात, दोन शब्द लिहून द्या."

लिहायला बसलो. पथ्यपाण्याचं एक पान झालं आणि हात थांबला. या आजारात मला आतून पोखरणारी गोष्ट वेगळीच होती आणि ती सोडून बाकी सगळं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल, असं वाटायला लागलं. म्हणून सगळंच लिहितो. सिस्टरना नको असलेलं त्यांनी गाळावं.

औशात माझी पिठाची गिरणी आहे. जन्म निलंग्याकडच्या शेतकरी घरातला. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मी आणि माझी बायको रेखा, दोघंही प्रभूच्या विश्वासात आलो. माझं नाव मारुती, ते तसंच राहिलं. मंडळीतल्या काहींना ते खटकायचं, पण पास्टर म्हणाले, "प्रभूला अडचण नाही, तुम्हाला कशाला?" पुढं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांत माझी गणती व्हायला लागली. कुणाचं भांडण झालं, कुणाचा नवरा प्यायला लागला, की लोक गिरणीवर यायचे आणि मी पीठ झटकत त्यांना चार शब्द सांगायचो. ते मला आवडायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

पाय

भाच्याच्या लग्नाला मुखेडला गेलो होतो. भाचा म्हणजे अक्काचा मुलगा. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. मी विश्वासात आलो तेव्हा भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं, अक्कानं टाकलं नाही. ती तिच्या देवाचं करते, मी माझ्या प्रभूचं, आणि राखीपौर्णिमेला ती औशाला येऊन जेवून जाते. मी तिला पुष्कळदा प्रवचन दिलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं का बोलून? आता जेव."

लग्नात मी विधीच्या वेळी मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. तिथं तिनं माझे पाय पाहिले. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"ही काय रे सूज?"

"उभं राहून राहून होतंय, अक्का. गिरणीचं कामच तसं."

"तोंड बी सुजलंय तुझं. तोंडावर उभा राहतोस का काय?"

लग्न उरकल्यावर तिनं मला घरी जाऊच दिलं नाही. एसटीत बसवून सरळ नांदेडला घेऊन गेली.

नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. रिपोर्ट बघून ते बोलायला लागले ते माझ्याकडं न बघता अक्काकडं बघून. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. बीपी बरीच वर्षं असणार. गोळ्या घेत होता का? मी घेत होतो आणि बरं वाटलं की सोडत होतो. आपल्याकडं सगळे असंच करतात आणि डॉक्टरांनाही ते माहीत होतं, त्यामुळं ते रागावले नाहीत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आयुष्यभर डायलिसिस. दुसरी, घरातल्या कुणाची किडनी जुळली आणि त्यानं दिली तर मोठ्या शहरात जाऊन ऑपरेशन.

नव्यानं ही वेळ आलेल्यांना सांगतो, त्या क्षणी काहीही सुचत नाही, तसं सुचलंच पाहिजे असंही नाही. माझ्या डोक्यात गिरणीचा पट्टा बदलायचा राहिलाय एवढंच येत होतं. प्रार्थना आठवली नाही. मी, जो सगळ्यांना संकटात पहिली प्रार्थना करा म्हणून सांगतो, त्याला प्रभूचं नावसुद्धा आठवलं नाही.

बाहेर आलो. चहाच्या टपरीवर उभे राहिलो. रेखाला साखरेचा आजार आहे, तिची चालणार नाही. मुलगी शाळेत. वडील कधीच गेलेले. हे सगळं अक्कानं मनातल्या मनात हिशेबात धरलं असणार, कारण ग्लास हातात घेऊन ती म्हणाली, "माझी घे की एक. दोन असत्यात म्हणं माणसाला."

मी म्हणालो, "नको नको, अक्का. काहीतरीच काय."

हे 'नको' कसलं होतं ते आपल्या माणसांना समजावून सांगायला नको. पाव्हण्याच्या घरी भाकरी वाढायला आले की आपण ताटावर हात आडवा धरतो तेच हे. पोटात आग पडलेली असली तरी पहिल्या वेळी हो म्हणायचं नाही. मग वाढणारी म्हणते, "असं कसं, घ्याच." आपण म्हणतो, "बास बास." ती हात बाजूला करून वाढतेच आणि आपण मान खाली घालून जेवतो. दोघांनाही सगळं माहीत असतं. मी माझा हात ताटावर आडवा धरला आणि अक्कानं तो बाजूला करायची वाट बघत राहिलो.

अक्का म्हणाली, "बघ बाबा." ग्लास ठेवला आणि बसची चौकशी करायला गेली.

मुखेड येईपर्यंत मी वाट बघितली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, रडतीय, म्हणून बोलत नसेल. दुसऱ्या दिवशी मला औशाला पाठवताना तिनं पिशवीत बुंदीचे लाडू घातले, डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या गोष्टीचा शब्द काढला नाही.

खुर्ची

डायलिसिस आठवड्यातून दोनदा. सरकारी योजनेत बसलं, त्यामुळं खर्चाचा भार डोक्यावर नाही, याबद्दल मी रोज उपकार मानतो. औशाहून सकाळच्या बसनं लातूर. गेल्या गेल्या काट्यावर उभं राहायचं. मग खुर्चीत आडवं व्हायचं, हातात दोन जाड सुया, आणि चार तास अंगातलं रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत येतं. पहिल्यांदा ते बघून मला उलटी झाली. आता मी तिकडं बघतसुद्धा नाही.

डाव्या हातात त्यासाठी एक शीर जोडून दिली आहे, फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आतून घरघर लागते, लांबवर गिरणी चालू असल्यासारखी. ती घरघर थांबली की धावत या, असं सांगून ठेवलंय. त्या हातानं ओझं उचलायचं नाही. पोती उचलायला आता दुसरा माणूस आहे, मी गल्ल्यावर बसून 'बारीक काढू का जाडसर' एवढं विचारतो.

नव्या पेशंटांच्या उपयोगाच्या काही गोष्टी लिहितो. हातरुमाल गरम करून द्यायला सांगा, थंडी वाजते तेव्हा बरं वाटतं. पाय ओढायला लागले की लाजू नका, ओरडा, सिस्टर येतात. आणि शेजारच्याशी बोला. माझ्या शेजारच्या खुर्चीत उदगीरचे गफूरचाचा असायचे. उंच, वाळलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. पहिल्या दिवशी माझं तोंड बघून म्हणाले, "घाबरू नको. ये मशीन अपनी सास है. जातानी नको वाटते, गये बगैर चलतंय बी न्हाई." त्या दिवशी मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलो.

चूळ

या आजारात पाणी मोजून प्यायचं असतं. लघवी जवळजवळ बंद असते, पिलेलं पाणी अंगातच साठतं, छातीत चढतं. दिवसभरात एक लहान तांब्या, त्यातच चहा, ताक, वरण सगळं आलं. लातूर भागातल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही, उन्हाळ्यात टँकरमागं पळण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलंय. पण तेव्हा पाणी नव्हतं. आता घरात पाणी असतं आणि मला नसतं.

मी चोरून प्यायला लागलो. सुरुवात चुळेपासून झाली. डॉक्टरांनी चूळ भरायची परवानगी दिली होती. गिळायचं नाही असं पक्कं ठरवून मी तोंडात पाणी घ्यायचो, आणि घसा आपला आपणच ते गिळून टाकायचा. मग म्हणायचो, एकच घोट होता. मग आंघोळीच्या बादलीतून. दार लावून, नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून. आंघोळीच्या आधी प्रार्थना करून गेलो तरी तेच व्हायचं. बाहेर आलो की रेखा विचारायची, "पिलात का?" मी म्हणायचो, "नाही गं." आणि दुसऱ्या दिवशी लातूरला काटा सगळं सांगायचा.

"भाऊ, पानी चोरके पिये ना?" गफूरचाचा डोळे मिटूनच विचारायचे.

"चाचा, तुम्हीपण?"

"मैं तो वजू के बहाने." नमाजाआधी हातपाय धुऊन चूळ भरतात, ती वजू.

आम्ही दोघं हसायचो. पण घरी जाताना बसमध्ये माझं मन आंबून जायचं. इतकी वर्षं मी दारुड्यांना सांगत आलो होतो, मनात आणलं तर सुटते, प्रभूची मदत मागा. एका माणसाला तर मी म्हणालो होतो, तुमची मागणी मनापासूनची नाही. आता मी मनापासून मागत होतो आणि दार लावून पीत होतो. कळतंय, नको आहे, मरण आहे त्यात, आणि हात तरी तांब्याकडं जातो. पापाबद्दल मी जेवढं शिकवलं होतं त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं, हे त्या न्हाणीघरात कळलं.

बघायला येणारेही होते. भावकीतला एक चुलता इतक्या वर्षांनी आला आणि म्हणाला, "कुळाचा देव सोडलास, त्येचं हाय हे." मंडळीतल्या एक मावशी आल्या आणि हात धरून म्हणाल्या, "भाऊ, कबूल न केलेलं काही पाप राहिलंय का बघा." चुलत्याचं मला काही लागलं नाही. मावशींचं लागलं.

रेखा

अक्कानं किडनी द्यायची म्हटलं होतं आणि मी नको म्हणालो, हे मी रेखाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळीवरून उठलीच.

"तुम्ही नको का म्हणलात?"

"ती आपली बहीण आहे. तिचा संसार आहे. असं कसं घेऊ?"

"ह्ये बघा, मी तुम्हाला ओळखते. वाढताना नको म्हणता आन् नाही वाढलं तर फुगून बसता. तिथं बी तसंच केलं असंल."

मी चिडलो. इतकं बरोबर बोललेलं माणसाला सहन होत नाही. ती म्हणाली, "मी जाते मुखेडला. वन्संना विचारते. पाया पडते."

मी आवाज चढवून म्हणालो, "प्रभूच्या नावानं सांगतो, तू जायचं नाहीस. हा माझा निर्णय आहे."

आणि मनातल्या मनात म्हणत होतो, जा. माझं ऐकू नकोस. उद्या सकाळी मी लातूरला गेलो की मुखेडची बस धर.

ती गेली नाही. मीच तिला शिकवलं होतं ना, प्रभूच्या नावानं सांगितलेलं मोडायचं नाही म्हणून. ती परत विळीवर बसली, भाजी चिरली, पथ्यामुळं त्यात मीठ घातलं नाही, मला वाढली. ती रडत होती आणि मी जेवत होतो.

साक्ष

ही गोष्ट पास्टरांच्या कानावर गेली. रेखानं सांगितली, त्यांनी मला समजवावं म्हणून. पण पास्टरांना ती वेगळीच ऐकू आली. रविवारी भक्तीच्या वेळी ते म्हणाले, "आपल्या मारुतीभाऊंनी बहिणीची किडनी नाकारली. स्वतःचा जीव वाचावा म्हणून दुसऱ्याच्या अंगाला हात लावू दिला नाही. भाऊ, पुढं या, साक्ष द्या."

पत्र्याचा हॉल, पंखे, पुढं चटयांवर बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुढं गेलो. खरं तर दोन वाक्यं बोलून बसणार होतो. पण माईक हातात आला आणि जीभ सुटली. मी म्हणालो, "मी अक्काला सांगितलं, माझा भरवसा माणसाच्या किडनीवर नाही, माझ्या प्रभूवर आहे."

असं मी म्हणालोच नव्हतो. 'काहीतरीच काय' म्हणालो होतो.

लोक "आमेन" म्हणाले. एक म्हातारी रडली. बाहेर चपला घालताना पोरं माझ्या पाया पडायला वाकली, मी त्यांना अडवलं, पण जरा उशिरानं अडवलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं की मी तसाच आहे. संध्याकाळपर्यंत ते वाटणं टिकलं.

त्यानंतर माझा परतीचा रस्ता बंद झाला. आता अक्कानं उद्या पुन्हा विचारलं असतं तरी मला हो म्हणता आलं नसतं, आणि ती विचारत नव्हती. तिचा फोन यायचा. "कसा हायस? काय खाल्लास? रेखा बरी हाय का?" मी म्हणायचो, "हं. बरंय. ठेवतो." फोन ठेवला की मला तिचा राग यायचा. तिनं माझं 'नको' खरं का मानलं? लहानपणी ताटात जास्तीची भाकरी हात धरून वाढणाऱ्या बाईला हे एक 'नको' बरं ऐकू आलं! तिच्या सुनेचं कौतुक, तिच्या नव्या गाईचं कौतुक, सगळं मला बोचायला लागलं. मी प्रार्थनेत म्हणायचो, "प्रभू, अक्काच्या मनात घाल." हे मागणं भक्तीचं नाही, हे मला मागतानाच कळत होतं. मी देवाला माझ्या वतीनं मुखेडला पाठवत होतो.

द्राक्षरस

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि लहानशा पेल्यात द्राक्षांचा रस. त्याआधी प्रत्येकानं आपलं मन तपासायचं असतं, कुणाविषयी राग धरून ते घ्यायचं नाही. मी स्वतः कितीदा लोकांना सांगितलंय, आधी जाऊन समेट करा, मग या.

ताट माझ्यापुढं आलं. मला अक्काचं तोंड दिसलं आणि मी ताट पुढं सरकवलं. पेलाही सरकवला.

शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "डॉक्टरनं मनाई केली वाटतं. पाण्याचं पथ्य असतं नाही का."

मी मान हलवली.

पुढच्या महिन्यात तर वाटणाऱ्यानं मला ताट दाखवलंच नाही, आदरानं पुढं गेला. माझं पाप असं माझ्या आजारानं झाकलं गेलं. मंडळीत बसून मी उपाशी राहत होतो आणि लोकांना वाटत होतं, बिचारे किती पथ्य पाळतात. घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन पाणी प्यायलो.

याच सुमाराला एका सकाळी लातूरला गेलो तर गफूरचाचांच्या खुर्चीत एक अनोळखी मुलगी बसली होती, तिची आई तिचा हात धरून उभी होती. मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. छातीत पाणी चढलं होतं म्हणाल्या.

मला दुःख झालं हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, भीती वाटली. पुढचा मी. आणि त्या भीतीतून काय वर आलं तर अक्काची किडनी. चाचांसाठी डोळ्यांत पाणी येण्याआधी मला तीच आठवली.

पास्टर

शेवटी पास्टरांना सगळं सांगितलं. ते गिरणीवर आले होते, गव्हाचा डबा घेऊन. मी सांगत गेलो तसे ते पोत्यावर बसले. त्यांना वाईट वाटलं, थोडं स्वतःबद्दलही, कारण मला पुढं त्यांनीच बोलावलं होतं.

"अक्कांना खरं सांगून टाका, भाऊ," ते म्हणाले.

"तिथंच तर अडलंय. 'अक्का, मी खोटं बोललो, मला तुझी किडनी पाहिजे होती' असं म्हणालो, तर ही कबुली झाली का मागणी झाली?"

त्यांनी मांडीवरचं पीठ झटकलं.

"पापाची कबुली द्यायला निघालो तरी खिशात लोभ असणारच. मला माझंच कळत नाही, पास्टर. मी खरं बोलायला जाईन का किडनी आणायला?"

"दोन्हीला जाल," ते म्हणाले. "मला याचं उत्तर माहीत नाही, मारुतीभाऊ. शुद्ध मनानं जायची वाट बघत बसलात तर कधीच जाणार नाही, एवढं कळतं."

त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. नेहमी ते मोठ्यानं करतात, त्या दिवशी पुटपुटले. बाहेर पडताना डबा विसरले, मी पोराबरोबर पाठवून दिला.

त्यानंतरही मी मुखेडला गेलो नाही. तब्येतीचं कारण होतं. कारणं या आजारात मुबलक मिळतात.

अक्का

मी फोन उचलायचं बंद केलं, म्हणून अक्काच आली. लातूरला, सेंटरमध्ये. मी खुर्चीत, सुया लागलेल्या, मशीन चालू. दारातून आत आली आणि नळीतलं रक्त बघून भिंतीला टेकली. सिस्टरांनी तिला स्टूल दिलं. तिनं पदरानं घाम पुसला आणि पिशवीतून डबा काढला.

"शेंगदाण्याचे लाडू हायत."

"मला चालत नाहीत, अक्का."

"थोडा?"

"शेंगदाणे अजिबात नाहीत."

"मग काय खातोस रे बाबा तू?" असं म्हणून तिनं डबा परत पिशवीत घातला. मग म्हणाली, "फोन कामून उचलत न्हाईस? माझं काय चुकलं?"

नळीला बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे बरंच झालं म्हणायचं. मी छताकडं बघून बोललो. "अक्का, त्या दिवशी नांदेडला मी नको म्हणालो ना, ते खोटं होतं. मला पाहिजे होती. तू परत विचारशील म्हणून वाट बघत होतो. विचारलं नाहीस म्हणून तुझा राग धरला. अजून आहे. आणि अजून पाहिजे, हे पण खरंय. तुला हे मागणं वाटलं तर वाटू दे, मला वेगळं करून सांगता येत नाही."

ती मशीनवरचे आकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, येड्या, आधी का नाही सांगितलंस. अजून कबुलीचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नव्हता आणि मी आनंदलो होतो.

"मला ठाव होतं," अक्का म्हणाली.

"काय?"

"तुझं नको खोटं हाय ते. लहानपणापासून तुला जेवू घातलंय मी. तुझं कोणतं नको खरं आन् कोणतं खोटं, मला कळत न्हाई व्हय?"

"मग?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मग काय, मारुती. तू नको म्हणलास आन् मी सुटले. भाऊ हाय, विचारायला पाहिजे म्हणून विचारलं मी. तू नको म्हणलास तवा असं हायसं वाटलं मला. तवाच ठरवलं, दुसऱ्यांदा विचारायचं न्हाई. दुसऱ्यांदा विचारलं तर हाव म्हणशील." ती हुंदका देत होती. "घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, मी देत होते, भाऊच नको म्हणला. समदे मला म्हणले, काय मनाची बाई हाय."

शेजारच्या खुर्चीतली मुलगी आमच्याकडं बघत होती. तिच्या आईनं तिचं तोंड दुसरीकडं वळवलं.

मी विचारलं, "आता विचारतो. देशील?"

सिस्टर येऊन बीपी बघून गेल्या.

"न्हाई," अक्का म्हणाली. "मला लई भ्याव वाटतंय. पोट फाडत्यात. मला न्हाई जमायचं, बाबा. मी लई इचार केला. न्हाई जमायचं."

मंडळीत मी क्षमेवर किती बोललोय त्याला गणती नाही. सगळे शब्द मला तयार होते. "असू दे अक्का, माझ्या मनात काही नाही, प्रभू तुझं भलं करो." ते वाक्य तोंडात आलं होतं. आणि मला कळलं की हे म्हणालो तर मी पुन्हा नांदेडच्या टपरीवर ताटावर हात आडवा धरून उभा राहीन. माझ्या मनात पुष्कळ काही होतं. मला मरायचं नव्हतं आणि समोर बसलेल्या, मला वाढवलेल्या बाईनं मला नाही म्हटलं होतं. मी ते वाक्य गिळलं. मनात एवढंच म्हणालो, प्रभू, तिला क्षमा करणं मला येत नाही, तूच बघ. फार दिवसांनी केलेली प्रार्थना, ज्यात मी कुणाला कुठं पाठवत नव्हतो.

अक्कानं विचारलं, "रागावलास?"

"हाव," मी म्हणालो. "लई."

तिनं मान हलवली, डोळे पुसले, आणि उठून गेली नाही.

शेवटच्या तासात नेहमीप्रमाणं माझ्या पिंढरीत गोळा आला. मी दात आवळले. अक्का स्टूल सरकवून पायाशी बसली आणि दोन्ही हातांनी पिंढरी दाबायला लागली, जोरात, लहानपणी दाबायची तशी. गोळा हळूहळू उतरला. तरी ती दाबत राहिली. तिचे हात दुखत असणार, वय झालंय तिचं. मी 'राहू दे' म्हणालो नाही.